सांगलीत बसून युद्धकाळातली ट्रेनर विमानं बनवायची तर: पहिल्या मॉडेलपासून हार्लोपर्यंत

विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे जोडलेलं पहिलं विमान उडालं. ते ना बाँबफेकी होतं, ना लढाऊ. नव्या वैमानिकांना शिकवायचं ट्रेनर होतं, अमेरिकन आराखड्याचं हार्लो पीसी-५. हे वाचलं त्याच आठवड्यात मी ठरवलं की हे विमान आपल्या हातानं बनवायचं. त्याचं किट, म्हणजे जोडायच्या तयार प्लास्टिक तुकड्यांचा संच, मिळेना, म्हणून थेट लाकूड कोरायला घेतलं. चार महिन्यांनी डावा पंख उजव्यापेक्षा मोठा निघाला आणि काम बाजूला पडलं. मग टायगर मॉथ हे एकावर एक दोन पंखांचं ब्रिटिश ट्रेनर घेतलं, ते नीट शिकलो आणि काही वर्षांनी पुन्हा हार्लोकडे वळलो. तुम्हीही याच क्रमानं जा, म्हणजे माझे गेलेले महिने तुमचे जाणार नाहीत.

इथे बोलतोय ते कपाटात ठेवायच्या मॉडेलबद्दल, उडणाऱ्या नव्हे.

१. आधी फोटो, मग किट

नवा माणूस आधी किट घेतो आणि मग त्याला कुठला रंग द्यायचा ते शोधत बसतो. तुम्ही उलटं करा. एका ठरावीक विमानाचा, शेपटीजवळचा क्रमांक वाचता येईल असा फोटो शोधा आणि तेच विमान बनवा. ट्रेनर विमानांत एकाच प्रकारात इतके फरक असतात की "साधारण टायगर मॉथ" असं काही नसतंच.

उदाहरण देतो. टायगर मॉथच्या शेपटीपुढे, धडाच्या दोन्ही कडांना, काही विमानांवर लांबट पट्ट्या दिसतात. विमान गिरकी घेत खाली येऊ लागलं तर ते सावरायला मदत व्हावी म्हणून त्या युद्धाच्या मध्यावर बसवायला लागले. तुमचं विमान १९४० मधलं असेल तर त्या पट्ट्या नकोत. मागच्या कॉकपिटवर काही वेळा घडीचं कापडी छत असतं. ते ओढून घेतलं की शिकाऊ वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नसे आणि नुसत्या यंत्रांवर विमान चालवायचा सराव होई. ते आहे की नाही, हेही फोटोच सांगेल.

दोन सापळे इथेच सांगतो.

आपल्या वायुसेनेच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात एचयू-५१२ क्रमांकाचं उडतं टायगर मॉथ आहे. त्याचे सुंदर रंगीत फोटो मिळतात. आकार आणि बारकावे पाहायला ते उत्तम आहेत. पण त्याच्यावरचा क्रमांक आणि खुणा स्वातंत्र्यानंतरच्या आहेत, त्या युद्धकाळातल्या मॉडेलवर लावू नका.

दुसरा सापळा कृष्णधवल फोटोंचा. त्या काळी एका प्रकारच्या फिल्मला लाल प्रकाश दिसतच नसे. अशा फिल्मवर पिवळा रंग काळपट येतो आणि निळा फिकट. त्यामुळे "फोटोत गडद दिसतंय म्हणजे हिरवंच असणार" असा अंदाज बांधू नका.

२. स्केल आणि आकडेमोड

ट्रेनर विमानं मुळातच लहान. टायगर मॉथचा पंखविस्तार ८.९४ मीटर आणि लांबी ७.२९ मीटर. १:७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागात, ते १२.४ आणि १०.१ सेंटिमीटर होतं, १:४८ मध्ये १८.६ आणि १५.२. पहिल्या मॉडेलला १:७२ घ्या, कारण किट स्वस्त पडतं आणि चुकलं तर जीव हळहळत नाही. पण नजर अधू असेल किंवा कॉकपिटच्या आतलं काम करायची हौस असेल, तर सरळ १:४८ वर जा. दोन्ही मापांत एअरफिक्स या कंपनीचं टायगर मॉथ आहे.

आराखडा झेरॉक्सच्या दुकानात छापून घेताना "पानात बसवा" हा पर्याय बंद करायला सांगा. नाहीतर छपाई तीनचार टक्के लहान येते आणि कळतही नाही. मी घरी आल्यावर पंखाची लांबी स्टीलच्या पट्टीनं मोजतो. १२.४ आली तरच कागद ठेवतो.

३. सामान

आधी कागदपत्रं, कारण लोक तिथेच अडतात. किट परदेशातून मागवलंत तर कुरिअरवाले केवायसी मागतात, म्हणून आधार किंवा पॅनची प्रत आणि खरेदीचं बिल तयार ठेवा. कस्टम ड्युटी धरूनच किमतीचा हिशोब करा. रंग आणि ग्लू ज्वालाग्राही असल्यानं विमानानं सहसा येत नाहीत, ते देशातूनच घ्या. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मला पंखांमधल्या दांड्यांची फ्रेमच, म्हणजे तुकडे जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकटच, नसलेलं किट आलं होतं. मी ते तीन महिन्यांनी उघडलं, तोवर परत करायची मुदत संपली होती. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा आणि सूचनापत्रकावरच्या फ्रेम त्याच दिवशी मोजा.

मग हत्यारं आणि साहित्य:

- बारीक टोकाचा चिमटा, पात्याची सुरी, प्लास्टिक कापायचा सपाट पक्कड-कटर
- बारीक कानशी आणि पॉलिश पेपर ४०० पासून २००० नंबरपर्यंत. पाण्यात वापरायचा काळाच घ्या
- प्लास्टिकचा पातळ ग्लू. ब्रशच्या झाकणाचा, पाण्यासारखा वाहणारा
- फेविक्विक आणि साधा फेविकॉल, दोन्ही
- मास्किंग टेप. हार्डवेअरच्या दुकानातली रंग ओढून काढते, मॉडेलसाठीची वेगळी मिळते ती घ्या
- सांध्यातल्या फटींसाठी एनसी पुट्टी, गाड्यांच्या रंगाच्या दुकानात ट्यूबमध्ये मिळते
- एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर. केक सजवणारे वापरतात तो चालतो, नोझल ०.३ मिलिमीटरचं बघा
- वाफांसाठी कार्बन फिल्टरचा मास्क. कापडी मास्क इथे कामाचा नाही

ऍक्रेलिकच्या पाट्या करणारे क्लोरोफॉर्मनं जोड देतात आणि त्यानं आपलं प्लास्टिकही चिकटतं. पण ते हुंगत तासन्‌तास बसणं आरोग्याला घातक आहे, त्या वाटेला जाऊ नका. गाड्यांच्या रंगाचा एनसी थिनरही प्लास्टिक खातो. तो हत्यारं धुवायला ठेवा, मॉडेलवर नको.

मिरजेला सतारमेकर मंडळींच्या गल्लीत एकदा जरूर जा. सतारीची सर्वात बारीक पोलादी तार साधारण पाव मिलिमीटरची असते. पंखावरची वेग मोजायची नळी, कॉकपिटमधली काठी, चाकांजवळचे बारीक दांडे यांना तिच्यासारखी वस्तू नाही. प्लास्टिकचे दांडे वाकतात, ती वाकत नाही. तिथेच एका कारागिरानं मला घासायचं कसं ते दाखवलं. भोपळ्याच्या आणि लाकडाच्या सांध्यावर तो कागद बोटानं दाबत नव्हता, लाकडाच्या चपट्या तुकड्याला गुंडाळून फिरवत होता. बोट खोलगट जागी बुडतं आणि खड्डा वाढवतं. तेव्हापासून मीही ठोकळा वापरतो.

४. कापणं, कोरडी जुळणी, चिकटवणं

तुकडा फ्रेमवरून काढताना मुळाशी कापू नका. जरा लांब कापून उरलेलं सुरीनं तासा. चिकटवण्याआधी प्रत्येक जोड कोरडा बसवून बघा. ग्लू लावायचा तो फटीत, बाहेरून ब्रश टेकवला की आत ओढला जातो.

दोन पंखी विमानात वरचा पंख रंग झाल्यावर बसवायचा. आधी बसवलात तर मधे ब्रश जात नाही.

आणि कानात ठेवा: टायगर मॉथला हलणारे अ‍ॅलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या, विमान कलतं करणाऱ्या झडपा, फक्त खालच्या पंखाला असतात. वरच्या पंखावर अ‍ॅलरॉनच्या रेघा कोरलेलं मॉडेल मी पाहिलं आहे, बनवणाऱ्यानं ते फार मनापासून केलं होतं आणि फार वाईट वाटलं.

५. कॉकपिट

इथे वेळ द्या, कारण ट्रेनर विमानाचा आत्मा इथेच आहे. टायगर मॉथमध्ये शिक्षक पुढे आणि विद्यार्थी मागे बसे. एकटं उडायची वेळ आली की विद्यार्थी मागच्याच जागेवरून उडवी. म्हणून दोन्हीकडे काठी, दोन्हीकडे यंत्रांची पाटी. उघड्या कॉकपिटमध्ये वाऱ्याच्या आवाजात बोलायचं कसं, तर रबरी नळीतून. शिक्षक पुढून बोले, नळी विद्यार्थ्याच्या टोपीतल्या कानांपर्यंत येई. १:४८ मध्ये ही नळी दाखवता येते: वायरमधला तांब्याचा एक धागा, काळा रंगवून, सीटच्या कडेवरून सैल सोडलेला. काम दहा मिनिटांचं आहे, पण बघणारा तिथेच थांबून विचारतो.

पुढच्या छोट्या काचा फेविक्विकनं कधीच चिकटवू नका. त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी धुरकट होते आणि ती पुन्हा नीट साफ होत नाही. तिथे फेविकॉल, टाचणीच्या टोकानं.

६. पिवळा

नवे लोक सर्वाधिक वेळा हरतात ते इथे.

विमान शिकणारा माणूस आकाशात कुठेही भरकटू शकतो, म्हणून तो लांबून दिसला पाहिजे. त्यासाठी ट्रेनर विमानं भडक रंगांची. जपान्यांची केशरी असत आणि त्यांना त्यांच्याकडे लाल चतुर, म्हणजे आपला उडता चतुर किडा, असंच म्हणत. ब्रिटिशांची युद्धकाळात वरून हिरवी-तपकिरी आणि पोटाकडून पिवळी.

हा पिवळा कुठला? हम्ब्रोल या रंगांच्या कंपनीचा २४ नंबर "ट्रेनर यलो" याच नावानं मिळतो. वरच्या तपकिरीला २९, हिरव्याला ३०. दुसऱ्या कंपनीचा रंग घेतलात तर जुळवायला एक खूण सांगतो: तो लिंबाचा गार पिवळा नव्हे. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात पोतं फोडतात तेव्हा दिसते त्या उबेच्या बाजूचा, पण हळदपुडीपेक्षा उजळ. रंग जुळवायचा तो दिवसाउजेडी, खिडकीपाशी. एलईडीखाली जुळवलेला पिवळा सकाळी वेगळाच दिसतो.

आता अडचण. पिवळ्या रंगात झाकायची ताकद फार कमी. राखाडी प्लास्टिकवर सरळ मारलात तर तो शेवाळी दिसतो, आणि मग माणूस थरावर थर देत जातो. माझ्या पहिल्या मॉडेलवर इतका रंग चढला की पंखावरच्या कापडाच्या बारीक पट्ट्या बुजूनच गेल्या. टायगर मॉथचे पंख कापडानं मढवलेले, त्या पट्ट्या गेल्या की पंख पत्र्याचा वाटतो.

करायचं असं:

- सगळं मॉडेल कोमट पाण्यात साबणाच्या दोन थेंबांनी धुऊन वाळवा. यानंतर उघड्या बोटांनी धरायचं नाही
- पांढरा प्रायमर द्या. पांढऱ्यात चिमूटभर लाल टाकून फिकट गुलाबी केलात तर पिवळा आणखी उबदार दिसतो
- पिवळा पातळ करा, दुधाइतका. चार-पाच झिरझिरीत थर, दोन थरांत वीसेक मिनिटं. पहिल्या दोन थरांनंतर रंग डागाळलेला दिसेल, घाबरू नका, हात थांबवा
- सगळा पिवळा झाल्यावर पूर्ण दिवस जाऊ द्या. मग पिवळा भाग टेपनं झाकून वरचे गडद रंग. टेपची कडा नखानं दाबून घ्या आणि तिच्यावरून आधी पिवळ्याचाच एक हलका हात मारा. जे काही आत झिरपायचं ते पिवळंच झिरपतं आणि गडद रंगाची रेघ स्वच्छ येते

आइस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे जमवून ठेवा. प्रत्येक रंग आधी चमच्याच्या पाठीवर. त्याची गोलाई धडासारखीच असते.

ब्रिटिश दोनपंखी विमानांत आणखी एक बारकावा सापडतो. खालच्या पंखावर वरच्याची सावली पडते, म्हणून खालच्या पंखाच्या वरच्या बाजूला तेच दोन रंग जरा फिकट छटेत देत. फोटोत दिसलं तर करा. आयत्या किटच्या रंगपत्रकात हे कधी कधी सुटतं.

७. खुणा आणि डिकल

युद्धाच्या सुरुवातीला गोल खुणेत मधे लाल ठिपका असे. जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी गल्लत होऊ नये म्हणून १९४२ च्या मध्यावर आपल्याकडच्या आघाडीवर लाल काढला आणि निळा-पांढरा ठेवला. तेव्हा तुमच्या फोटोची तारीख इथे पुन्हा कामाला येते. मॉडेलखालच्या पाटीवर नाव लिहितानाही जपा: वायुसेना १९३२ मध्ये सुरू झाली, तिला "रॉयल" हे बिरुद मार्च १९४५ मध्ये मिळालं आणि १९५० मध्ये गेलं. १९४३ च्या विमानाखाली "रॉयल इंडियन एअर फोर्स" लिहू नका.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, चकचकीत वार्निशवर लावा, मॅट पृष्ठभागावर त्याखाली हवा अडकते आणि चंदेरी दिसते.

८. तारा

टायगर मॉथ उभं राहतं ते तारांवर. धडाच्या तळापासून वर-बाहेर जाणाऱ्या तारा उडताना पंख धरून ठेवतात. वरून खाली-बाहेर येणाऱ्या तारा जमिनीवर पंखाचं वजन पेलतात. हे डोक्यात बसलं की कुठली तार कुठून कुठे, ते पाठ करावं लागत नाही.

जाडी महत्त्वाची. खरी ६ मिलिमीटरची तार १:७२ मध्ये ०.०८ मिलिमीटर होते, म्हणून सतारीची तार इथे चालणार नाही, दोरखंड दिसेल. मी पहिल्यांदा आईच्या फणीतला लांब केस वापरला. जाडी अगदी बरोबर होती, मार्चमध्ये तारा ताठ बसल्या. आषाढात पाहिलं तर सगळ्या लोंबत होत्या. दमट हवेत केस लांबतो. हवेतला दमटपणा मोजायच्या जुन्या उपकरणात माणसाचा केसच वापरत, हे मला नंतर कळलं.

आता दोन उपाय करतो. एक, मॉडेलसाठी मिळणारा ताणणारा बारीक दोरा. तो सैल पडत नाही आणि बोट लागलं तर तुटतही नाही. दुसरा फुकटचा: किटच्या रिकाम्या फ्रेमचा दांडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीत नाही, फिरवत धरा. मऊ पडला की बाहेर काढून दोन्ही हातांनी ओढा. भराभर ओढलात तर केसाइतकी बारीक, हळू ओढलात तर जाड. हवी तेवढी कापून दोन्ही टोकांना फेविकॉल. तो पूर्ण वाळल्यावर पेटती उदबत्ती तारेजवळ न टेकवता फिरवा. सैल तार डोळ्यांदेखत आक्रसून ताठ होते. उदबत्ती क्षणभर जास्त थांबली तर तुटते, म्हणून आधी कोपऱ्यातल्या तारेवर हात बसवा.

वरचा पंख बसवायला आधार लागतो. मी सनबोर्डचे दोन सारखे तुकडे कापून खालच्या पंखावर उभे ठेवतो, वरचा पंख त्यांच्यावर टेकवतो आणि मग दांड्यांना ग्लू देतो. रात्रभर हलवत नाही.

९. पावसाळा

जून ते सप्टेंबर मॅट वार्निश मारू नका. दमट हवेत ते पांढुरकं पडतं आणि महिन्याचं काम एका फवाऱ्यात जातं. मारायचंच असेल तर उघडीप असलेल्या दुपारी.

आणि ठेवायची जागा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात पाणी आलं. मॉडेल्स कपाटाच्या माथ्यावर होती, ती वाचली. फोटो, आराखडे, जुन्या मासिकांची कात्रणं खालच्या खणात होती, त्यांचा लगदा झाला. त्यातली काही पुन्हा मिळाली नाहीत. आराखडा हातात आला की त्याच दिवशी स्कॅन करून दुसऱ्या गावच्या कुणाकडे तरी पाठवून ठेवा.

१०. मग हार्लो

एक-दोन किट नीट झाली की स्वतः कोरायला हरकत नाही. पीसी-५ धडाच्या तळाशी एकच पंख असलेलं, एकामागे एक दोन सीटांचं, झाकलेल्या कॉकपिटचं विमान. मॅक्स हार्लो कॅलिफोर्नियात पासाडेना ज्युनिअर कॉलेजात शिकवायचे आणि त्यांचं पहिलं विमान तिथल्या विद्यार्थ्यांनी बांधलं होतं. आमच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो.

धडासाठी शिवणीचं लाकूड घ्या, तंतू सरळ असतात आणि सुरी फिरते. तिन्ही बाजूंच्या आराखड्यावरून पुठ्ठ्याचे छेद कापा, दर दोन सेंटिमीटरला एक. कोरताना पुठ्ठा लावून बघत जा. पंख दोन्ही एकाच वेळी घासा, एकावर एक दुहेरी टेपनं चिकटवून, मग ते लहानमोठे होत नाहीत. माझी पहिली चूक हीच होती.

कॉकपिटच्या झाकणासाठी लाकडाचा साचा कोरा, पाण्याच्या बाटलीत घाला आणि हीट गन फिरवा. बाटली आक्रसून साच्यावर चिकटते. साचा गुळगुळीत हवा, लाकडाचे तंतू काचेत उमटतात.

इंजिन वॉर्नरचं, सात सिलिंडरचं. सातानं ३६० ला भाग नीट जात नाही. प्रत्येक कोन ५१.४ अंशांचा येतो. कंपासच्या नादी लागू नका, संगणकावर काढून छापा आणि त्या कागदावरच सिलिंडर मांडा. सिलिंडर म्हणजे टूथपिकचा तुकडा आणि त्यावर शेजारीशेजारी गुंडाळलेला तांब्याचा धागा, थंड करायच्या पात्यांसारखा. ढकलदांड्यांना सतारीची तार. सातही एका मापाचे व्हायला मला दहा करावे लागले.

पंखा मात्र चिकटवू नका. दांड्यावर नुसता खोचून ठेवा. घरी आलेलं प्रत्येक लहान मूल तो बोटानं फिरवून बघणार. फिरवू द्या.